लॉइड आरशाचे पट्टे विरतात आणि पुन्हा उमटतात: व्यतिकरणाला हवा तसा आकार कसा द्यायचा?

निळीवाट

नमस्कार मंडळी. तीन महिने एकाच गोष्टीमागे लागले आहे. आता एकटीने पुढे जाता येईल असं वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

काम ऐकायला सोपं आहे. सिलिकॉनच्या तुकड्यावर फोटोरेझिस्टचा (प्रकाश पडेल तिथे विरघळण्याचा गुण बदलणाऱ्या पदार्थाचा) पातळ थर आहे आणि त्यावर दर ५०० नॅनोमीटरला एक अशा समांतर रेघा हव्या आहेत. लेझर ४०५ नॅनोमीटरचा डायोड. मांडणी लॉइड आरशाची: नमुना आणि आरसा एकमेकांना काटकोनात, दोन्ही एकाच फिरत्या तबकडीवर. पसरवून समांतर केलेल्या झोताचा अर्धा भाग थेट नमुन्यावर पडतो, उरलेला अर्धा आरशावर आपटून तिथेच येतो. दोन्ही एकमेकांत मिसळून उजळ-काळे पट्टे उमटतात, तेच व्यतिकरण. दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी भागिले तबकडीच्या कोनाच्या साइनची दुप्पट, म्हणून साइन ०.४०५ आणि कोन २३.९ अंश. तबकडी तेवढी फिरवली आहे, कोन दोनदा तपासला आहे.

नमुना डेव्हलप करून दिव्याखाली तिरका धरला की जिथे रेघा नीट आहेत तिथे रंग चमकतो. आरशाच्या कोपऱ्यालगत झकास चमकतो. मिलिमीटर-दीड मिलिमीटर पुढे गेलं की मावळतो. मग मधे नुसता राखाडी भाग, आणि कोपऱ्यापासून साधारण ५ मिमीवर पुन्हा चमक! १० मिमीवर परत, १५ वर परत, दर वेळी आधीपेक्षा फिकी. राखाडी भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रेझिस्ट सगळीकडे सारखं झिजलेलं आहे, रेघांचा मागमूस नाही.

आतापर्यंत केलेले उपाय: एक्स्पोजरची वेळ कमी-जास्त केली, टेबल हवेवर तरंगतं ठेवलं, आरसा दोनदा बदलला, झोताचं ध्रुवण (विद्युत क्षेत्राच्या कंपनाची दिशा) रेघांना समांतर आहे याची खात्री केली. आरसा या कोनात सुमारे ९० टक्केच प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे दोन झोत असमान होतात. मला संशय त्याचाच आहे.

पुढे याच मांडणीतून षटकोनी जाळी करायची आहे आणि एका कामासाठी कडेला हळूहळू पुसट होत जाणाऱ्या रेघाही. म्हणजे पट्टे नुसते मिळवायचे नाहीत, घडवायचे आहेत. त्यामुळे मूळ दोष नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जायची इच्छा नाही.

काचकारागीर

निळीवाट, तुम्ही निरीक्षणं फार नेटकी लिहिली आहेत, त्यामुळे बोलणं सोपं झालं.

आरशाला आधी निर्दोष सोडून द्या. कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि काळ्या पट्ट्यांमधला फरक, ठरतो तो दोन तीव्रतांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर. एक झोत १ आणि दुसरा ०.९ असेल तर कॉन्ट्रास्ट ०.९९९ येतो. दुसरा निम्मा केलात तरी ०.९४. अगदी एकास नऊ असं प्रमाण झालं तरी ०.६ उरतो. नवीन माणूस दोन झोत समान करण्यात आठवडे घालवतो, मीही घालवले आहेत, आणि खरी गळती दुसरीकडेच असते.

कंपनं? लॉइड मांडणीत आरसा आणि नमुना एकाच तुकड्यासारखे हलतात, म्हणून ती मुळातच शांत मांडणी आहे. शिवाय कंपनांनी सगळा नमुना पुसट झाला असता. दर ५ मिमीला हजेरी लावणारं कंपन मी पाहिलेलं नाही.

हवेचंही तेच. वातावरणीय दाबाला हवेचा अपवर्तनांक दर अंशाला साधारण दहालक्षांश भाग बदलतो. दोन हात वेगवेगळ्या वाटांनी जात असतील तर एक मीटरच्या एका हातात एका अंशाचा फरक म्हणजे सुमारे १ मायक्रोमीटर, तुमच्या लेझरला दोनाहून जास्त पट्ट्यांची सरक. पण तुमचे दोन्ही झोत जवळजवळ एकाच हवेतून येतात.

दोन गोष्टी सांगा. एक्स्पोजर निम्मं केलं तर चमकत्या भागांची जागा बदलते का? आणि कोन बदलला तर?

प्रश्नचिन्ह

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रश्न अगदी प्राथमिक असेल तर सांभाळून घ्या. लेझरचा प्रकाश कलासंबद्ध असतो, म्हणजे त्याच्या लाटांचे चढउतार एकमेकांशी जुळलेले राहतात, असं आम्ही शिकलो. मग कोपऱ्याजवळ संबद्ध आणि ५ मिमीवर असंबद्ध, असं एकाच लेझरच्या बाबतीत कसं होईल?

शून्यक्रम

प्रश्नचिन्ह, या धाग्याचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, म्हणून सावकाश लिहितो.

‘कलासंबद्ध आहे की नाही’ असं विचारायचं नसतं. ‘किती मार्गफरकापर्यंत’ असं विचारायचं असतं. लॉइड मांडणीत कोपऱ्यावर दोन्ही झोतांचा मार्ग सारखा असतो, फरक शून्य. तिथून एक पट्टा पुढे गेलं की फरक एका तरंगलांबीने वाढतो. दुसरा पट्टा, दोन तरंगलांब्या. प्रत्येक पट्टा एका तरंगलांबीचं देणं डोक्यावर चढवतो. आरशाचा कोन, आरशाचा प्रकार, झोताची रुंदी काहीही असो, या देण्यातून सुटका नाही.

(कोपऱ्यावरचा पहिला पट्टा मात्र उजळ नसून काळा असतो, कारण परावर्तनात कला, म्हणजे लाट चक्राच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते, अर्ध्या चक्राने उडी मारते. हम्फ्री लॉइडने हा प्रयोग १८३४ मध्ये मांडला. सूत्रापेक्षा तो काळा पट्टा मला नेहमी जास्त पटतो.)

आता निळीवाट यांचे आकडे घ्या. ५ मिमीत ५०० नॅनोमीटरचे १०,००० पट्टे बसतात. म्हणजे ५ मिमीवर मार्गफरक १०,००० तरंगलांब्या, ४.०५ मिमी. त्यांचा लेझर ४.०५ मिमीच्या फरकाला कलासंबद्ध आहे, ८.१० ला आहे, पण २ मिमीला नाही! साध्या रुंद वर्णरेषेचा प्रकाश असं कधी वागत नाही, तो एकदा विरला की विरला. पुन्हा उमटणं हे एकाच गोष्टीचं लक्षण: लेझर एका तरंगलांबीवर चालत नाही, समान अंतरावरच्या अनेक तरंगलांब्यांवर एकदम चालतो आहे. डायोडच्या पोकळीत, म्हणजे प्रकाश जिथे पुढे-मागे फिरतो त्या जागेत, एकाच वेळी अनेक मोड (तिच्यात नेमक्या बसणाऱ्या तरंगलांब्या) जिवंत आहेत.

वर्निअर कॅलिपर आठवा. प्रत्येक मोड स्वतःचे पट्टे आखतो. कोपऱ्यावर सगळ्यांचे पट्टे एकावर एक बसतात. पण दर मोडची तरंगलांबी किंचित वेगळी, म्हणून पट्ट्यांमधलं अंतरही किंचित वेगळं. थोडं पुढे गेलं की एकाची उजळ जागा दुसऱ्याच्या काळ्या जागेवर येते आणि बेरीज सपाट होते. तोच राखाडी भाग. १०,००० पट्ट्यांनंतर शेजारचा मोड बरोबर एका पट्ट्याने मागे पडलेला असतो, त्याच्या पलीकडचा दोन पट्ट्यांनी, आणि सगळे पुन्हा एका रेषेत येतात. यावरून शेजारच्या मोडमधलं अंतर ४०५ चा दहाहजारावा भाग, म्हणजे सुमारे ०.०४ नॅनोमीटर. आणि पोकळीच्या एका फेरीची प्रकाशीय लांबी ४.०५ मिमी, म्हणजे एका दिशेने जेमतेम २ मिमी. डायोडची चिप मिलिमीटरच्याही आत असते, पण आतला प्रभावी अपवर्तनांक मोठा असल्याने हिशोब जुळतो.

बिघडलेल्या नमुन्याने लेझरच्या चिपची लांबी मोजून दिली आहे. तो फेकू नका.

पुढचे उमाळे फिके का, तर प्रत्येक मोडची स्वतःचीही काही रुंदी असते आणि तिचं देणं साचत जातं.

पडताळा सोपा आहे. पट्ट्यांचं अंतर ७०० नॅनोमीटर होईल असा कोन करा. माझं म्हणणं खरं असेल तर चमक ५ ऐवजी ७ मिमीवर येईल.

प्रश्नचिन्ह

वर्निअरचा दाखला वाचून एकदम लख्ख झालं. वाचनखूण साठवली आहे.

निळीवाट

काल रात्री केलं. कोन १६.८ अंश, बाकी काही बदललं नाही. पहिली चमक कोपऱ्यापासून ६.९ ते ७.१ मिमीच्या मधे, दुसरी १४ च्या आसपास. काचकारागीर, तुमच्याही प्रश्नाचं उत्तर मिळालं: एक्स्पोजर निम्मं केलं तर रेघांची खोली बदलते, चमकणाऱ्या जागा तिथेच राहतात.

शून्यक्रम, तीन महिने मी आरसे पुसत बसले होते. मनापासून आभार. आता मला सांगा, बाहेर कसं पडू? नवीन लेझर हाच एक मार्ग आहे का?

शून्यक्रम

नाही, मार्ग दोन आहेत आणि दोन्ही एकमेकांपासून अगदी वेगळे.

पहिला: देणं फेडायची ऐपत वाढवा. डायोडच्या समोर एक ग्रेटिंग (बारीक समांतर रेघांची पट्टी, जी प्रत्येक तरंगलांबी वेगळ्या कोनात वळवते) ठेवून त्यातली निवडक तरंगलांबीच चिपकडे परत पाठवायची, म्हणजे बाकीचे मोड उपाशी मरतात. याला बाह्य पोकळीचा डायोड म्हणतात. कलासंबद्धतेची लांबी मिलिमीटरवरून मीटरमध्ये जाते. आकारमानी होलोग्राफिक ग्रेटिंगने जखडलेले तयार डायोडही असतात. म्हणजे व्यतिकरणातून जन्मलेलं ग्रेटिंग पुढच्या व्यतिकरणासाठी लेझरला शिस्त लावतं. मला ही साखळी फार आवडते. जुन्या प्रयोगशाळांत या कामाला हेलियम-कॅडमियम लेझर असतो, ३२५ किंवा ४४२ नॅनोमीटरचा.

दुसरा: देणंच होऊ देऊ नका. झोत आरशाने न विभागता ग्रेटिंगने विभागा. १ मायक्रोमीटर अंतराचं ग्रेटिंग घ्या, त्याचे अधिक एक आणि उणे एक क्रम, म्हणजे सरळ झोताच्या दोन बाजूंना वळलेले पहिले झोत, एकमेकांवर येऊ द्या. पट्टे ग्रेटिंगच्या निम्म्या अंतराचे, ५०० नॅनोमीटरचे येतात, आणि तरंगलांबी सूत्रातून चक्क नाहीशी होते! लाल दिशेचा मोड जास्त वळतो, निळ्या दिशेचा कमी, आणि तेवढ्याने दोघांच्या पट्ट्यांमधलं अंतर सारखंच राहतं. मोड कितीही असोत, सगळे एकच नक्षी काढतात.

माझं टोपणनाव ज्यावरून आलं ती अडचण इथेच आहे: शून्य क्रम. सरळ आरपार गेलेला प्रकाश पट्ट्यांत मिसळला की एकाआड एक पट्टा लहान-मोठा होतो. म्हणून ग्रेटिंग कलेचं करतात, उजेड-अंधाराचं नाही. क्वार्ट्झच्या काचेत अशी खोली कोरायची की खाच आणि उंचवटा यांतून जाणाऱ्या लाटा अर्ध्या चक्राने वेगळ्या पडाव्यात. ४०५ नॅनोमीटरला ही खोली सुमारे ४३० नॅनोमीटर. खाच आणि उंचवटा समान रुंदीचे असतील तर कागदावर शून्य क्रम विझतो, सम क्रमही विझतात, आणि पहिल्या दोन क्रमांना प्रत्येकी साधारण ४० टक्के प्रकाश मिळतो. तुमच्या बाबतीत तिसरा क्रम तर काचेबाहेरच पडू शकत नाही, कारण त्याचा साइन एकाहून मोठा येतो.

सावध राहण्याची जागा एकच: नमुना ग्रेटिंगपासून जितका लांब, तितके ग्रेटिंगच्या दूरदूरच्या बिंदूंतून निघालेले किरण एकत्र येतात. मग झोत समांतर आणि स्वच्छ असण्याला महत्त्व येतं. अंतर शक्य तितकं कमी ठेवा.

धागेदोरे

शून्यक्रम यांनी सांगितलेली दुसरी वाट आमच्या रोजच्या कामाची. मी ऑप्टिकल फायबरमध्ये ब्रॅग ग्रेटिंग (एक ठरावीक तरंगलांबी परतवणारे पट्टे) लिहिण्याचं काम करतो.

फायबरच्या गाभ्यात प्रकाशाने ग्रेटिंग उमटतं हे केन हिल आणि सहकाऱ्यांना १९७८ मध्ये दिसलं, पण ते आतूनच लिहिलं गेलं होतं, त्यामुळे लिहिणाऱ्या लेझरच्या रंगापुरतंच चालायचं. १९८९ मध्ये मेल्ट्झ, मोरी आणि ग्लेन यांनी २४४ नॅनोमीटरचे दोन अतिनील झोत बाजूने पाडून हवं ते अंतर लिहून दाखवलं. कलेचा मुखवटा, म्हणजे फेज मास्क (शून्यक्रम म्हणतात तसलं कलेचं ग्रेटिंग), १९९३ मधला. १५५० नॅनोमीटर परतवायचे तर गाभ्यात सुमारे ५३५ नॅनोमीटर अंतराचे पट्टे लागतात, म्हणजे मास्क १.०७ मायक्रोमीटरचा.

पण मी लिहायला बसलो ते निळीवाट यांच्या मूळ पोस्टमधल्या एका वाक्यासाठी: ‘कडेला हळूहळू पुसट होत जाणाऱ्या रेघा’. तुम्हाला हे कशासाठी हवं आहे माहीत नाही, पण आमच्याकडे यावाचून चालत नाही. ग्रेटिंग एकदम सुरू होऊन एकदम संपलं तर त्याच्या परावर्तनाच्या शिखराला दोन्ही बाजूंनी उपशिखरं फुटतात, आणि शेजारच्या चॅनलचा प्रकाश त्यांत अडकतो. टोकं मऊ केली की उपशिखरं बसतात. याला अपोडायझेशन म्हणतात.

यात नवशिके एक चूक हमखास करतात. टोकांना प्रकाशच कमी देतात. पट्टे पुसट होतात खरे, पण सरासरी प्रकाशही घटतो, आणि गाभ्याचा सरासरी अपवर्तनांक मधे जास्त, टोकांना कमी असा होतो. मग ग्रेटिंगची दोन टोकंच दोन अर्धवट आरशांसारखी वागतात आणि शिखराच्या लघु तरंगलांबीच्या बाजूला नको त्या लहरी उठतात. हवं असतं ते असं: सरासरी सगळीकडे तीच, फक्त कॉन्ट्रास्ट टोकांकडे शून्यावर जाणारा.

त्यासाठी आम्ही मास्क पिएझोवर (वीज दिली की अगदी किंचित लांबी बदलणाऱ्या स्फटिकावर) बसवतो आणि झोत पुढे सरकत असताना मास्क थरथरवतो. मधे थरथर शून्य. टोकांकडे ती वाढवत नेली की तिथले पट्टे स्वतःच्याच अंगावर पसरून सपाट होतात. प्रकाश तेवढाच पडतो, नक्षी तेवढी पुसली जाते.

आता तुमचा बिघडलेला नमुना पुन्हा पाहा. राखाडी भागात रेझिस्ट ‘सगळीकडे सारखं झिजलेलं’ होतं असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे सरासरी तीच, कॉन्ट्रास्ट शून्य. आम्ही जे मुद्दाम घडवतो तेच तुमच्या मोड्सनी आपोआप केलं. त्यांना काबूत आणलंत की तुमची दुसरी गरज त्याच तत्त्वाने भागेल: एक पूर्ण एक्स्पोजर न देता ते दोन भागांत द्या, दुसऱ्या भागात नमुना अर्ध्या पट्ट्याने सरकवा, आणि दोन्हींच्या वाटपाचं प्रमाण मधून कडेकडे बदलत न्या. मधे सगळं पहिल्या भागात, कडेला अर्धं-अर्धं.

निळीवाट

धागेदोरे, हा विचार मला कधीच सुचला नसता. मी कडेला करड्या छटेचा फिल्टर लावायच्या तयारीत होते, म्हणजे नेमकी तीच चूक.

एक आणखी विचारते. चांगल्या भागातल्या रेघांच्या भिंती सूक्ष्मदर्शकाखाली सरळ नाहीत. उभ्या भिंतीवर आडव्या वळ्या आहेत, साधारण १२० नॅनोमीटरला एक. हेही मोड्समुळे का?

काचकारागीर

नाही, त्या सिलिकॉनमुळे. नमुन्यावर उतरलेला प्रकाश सिलिकॉनवरून परत वर फिरतो आणि उतरणाऱ्या प्रकाशाशी व्यतिकरण करतो. तुमच्या उभ्या पट्ट्यांबरोबर रेझिस्टच्या खोलीतही आडवे पट्टे तयार होतात. त्यांचं अंतर तरंगलांबी भागिले अपवर्तनांकाची दुप्पट. रेझिस्टचा १.७ धरा, ११९ नॅनोमीटर येतं. तुमचं मोजमाप पक्कं आहे.

उपाय जुना आहे. रेझिस्टखाली परावर्तनविरोधी थर घाला. तो काही प्रकाश शोषतो, उरलेल्याला स्वतःच्याच व्यतिकरणाने मारतो, म्हणून त्याची जाडी आपल्या तरंगलांबीसाठी काढून घ्या. आणि लॉइड कोनात प्रकाश तिरका उतरतो हे लक्षात ठेवून काढा, सरळ आपतनाच्या तक्त्यावर जाऊ नका.

मला या वळ्यांबद्दल ममता आहे. १८९० मध्ये ओट्टो वीनरने प्रकाशाच्या स्थिर लाटा पहिल्यांदा छायाचित्राच्या पातळ थरात पकडल्या. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमानने पाऱ्याचा आरसा लावून अशाच वळ्यांत खरे रंग साठवले. रंगद्रव्याचा थेंबही नाही, नुसतं अंतर. १९०८ चं नोबेल त्यासाठीच. आपण ज्याला दोष म्हणून पुसतो तेच त्याने चित्र म्हणून जपलं.

हेलिक्स

ध्रुवणाचा उल्लेख निळीवाट यांनी एका ओळीत केला आहे, म्हणून त्यावर लिहितो. इथे पट्टे घडवण्याचा सगळ्यात सुंदर मार्ग आहे असं मला वाटतं.

ध्रुवण रेघांना समांतर ठेवलंत ते योग्यच. ते आडवं झालं असतं तर दोन झोतांच्या विद्युत क्षेत्रांच्या दिशा एकमेकींशी कोन करतात आणि कॉन्ट्रास्ट त्या कोनाच्या कोसाइनइतकाच उरतो. हवेत तुमच्या कोनाला ०.६७. रेझिस्टमध्ये किरण सरळावतात म्हणून ०.८९ च्या आसपास. हवेत दर बाजूला ४५ अंश केले तर कॉन्ट्रास्ट चक्क शून्य.

आता हाच शून्य मुद्दाम घ्या. एक झोत डाव्या वर्तुळाकार ध्रुवणाचा, दुसरा उजव्या, दोन्ही समान, आणि मधला कोन लहान. पडद्यावर एकही पट्टा दिसत नाही, तीव्रता सपाट. पण ध्रुवणाची दिशा बिंदूगणिक वळत जाते, एका पट्ट्याच्या अंतरात अर्धं वर्तुळ पुरं करते. समोर ध्रुवक धरा, पट्टे प्रकट होतात. ध्रुवक फिरवा, पट्टे सरकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ ध्रुवक नुसता फिरवत बसलो होतो.

प्रकाशाच्या ध्रुवणाप्रमाणे स्वतःला वळवणारा रेणूंचा थर काचेवर असेल तर ही न दिसणारी नक्षी त्यात कोरली जाते. वर द्रवस्फटिक ओतला की त्याचे रेणू त्याच वळणाने उभे राहतात. थराची जाडी अर्ध्या तरंगलांबीच्या पट्टिकेइतकी (दोन ध्रुवणांत अर्ध्या चक्राचा फरक पडेल एवढी) ठेवली तर वर्तुळाकार ध्रुवणाचा जवळपास सगळा प्रकाश एकाच पहिल्या क्रमात जातो. कुठल्या बाजूला, ते ध्रुवण डावं की उजवं यावर ठरतं. खाच नाही, उंचवटा नाही, जाडी सगळीकडे एक. इथे कला येते ती मार्गफरकातून नव्हे, ध्रुवणाच्या फिरण्यातून. शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये मांडलेली भौमितिक कला ती हीच.

दोनांपैकी एक झोत समांतर न ठेवता भिंगातून पसरवलात तर पट्टे सरळ न राहता वर्तुळं होतात, कडेकडे दाट. सपाट काचेत भिंग उमटतं: एका ध्रुवणाला केंद्रित करणारं, दुसऱ्याला पसरवणारं.

प्रश्नचिन्ह

मग आरसे-भिंगं सोडून संगणकानेच हवी ती नक्षी का काढू नये? आमच्या विभागात द्रवस्फटिकाचा प्रकाश-नियंत्रक पडदा आहे. प्रत्येक पिक्सेलला वेगळी कला देता येते.

शून्यक्रम

काढता येते, आणि जिथे नक्षी सतत बदलायची असते तिथे तोच उत्तम. हव्या तीव्रतेवरून कला शोधायची रीत गर्कबर्ग आणि सॅक्सटन यांनी १९७२ मध्ये दिली: पडद्यावरची तीव्रता आणि हवी ती तीव्रता यांच्यामधे पुढे-मागे फेऱ्या मारायच्या, दर फेरीत तीव्रता बदलून घ्यायची आणि कला तशीच ठेवायची. फेऱ्यागणिक नक्षी हवी तिच्या जवळ येते, पण ठिपकेदार खरखर राहते.

मर्यादा पिक्सेलची. ८ मायक्रोमीटरच्या पिक्सेलने ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश फार तर दीड अंश वळवता येतो. ५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यांना दर बाजूला २४ अंश लागतात. म्हणजे पडद्यावरची नक्षी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून आकुंचित करायची, आणि मग क्षेत्रही तेवढंच आकुंचित होतं. बारीक आणि मोठं दोन्ही हवं असेल तर आरसे-भिंगंच बरी. मात्र पट्ट्यांत काटा उमटवायचा असेल, म्हणजे एका जागी एका रेघेच्या दोन व्हाव्यात आणि त्यातून गेलेला प्रकाश भोवऱ्यासारखा पिळावा, तर तुमचा पडदा काढा. ते काम तो दोन मिनिटांत करतो.

निळीवाट

षटकोनी जाळीबद्दल शेवटचं विचारते. एक एक्स्पोजर, नमुना ६० अंश फिरवून दुसरं, असं करायचा बेत आहे. बरोबर आहे का?

काचकारागीर

होईल, पण ठिपके गोल येणार नाहीत, लंबगोल येतील, कारण दोनच दिशांचे पट्टे आहेत आणि तिसरी दिशा रिकामी. तिसरं एक्स्पोजर दिलंत तर समरूपता येते, पण दर एक्स्पोजरबरोबर पार्श्वभूमीचा प्रकाशही साचतो. रेझिस्टला उंबरठा असतो म्हणून थोडं खपतं, फार नाही. शिवाय तीन एक्स्पोजरच्या पट्ट्यांची एकमेकांशी जागा जुळली नाही तर ठिपक्यांचा आकारच बदलतो.

त्यापेक्षा तीन झोत एकदम पाडा, एकमेकांपासून १२० अंशांवर. ध्रुवणाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तर तीन समान लाटांची बेरीज उजळ ठिपक्यावर एका झोताच्या ९ पट जाते आणि काळ्या जागी पूर्ण शून्यावर. ठिपक्यांमधलं अंतर तरंगलांबीच्या दुपटीला साइनच्या तिपटीने भागून येतं. ६०० नॅनोमीटरला तुमचा साइन ०.४५, कोन २६.७ अंश.

आणि सगळ्यात मोठा दिलासा असा: तीन झोतांत कुठल्याही एकाची कला सरकली तर जाळी नुसती बाजूला सरकते, आकार तोच राहतो. चार झोत एका चौकोनात पाडले की हे सुख संपतं, कला सरकली की नक्षीच वेगळी होते. म्हणून सपाट नक्षीला तीन झोत, आणि खोलीतही घडण हवी असेल तर चार: एक मधून, तीन छत्रीच्या काड्यांसारखे भोवती. त्रिमितीत चार झोतांनाही तोच दिलासा लागू होतो. अशा चार झोतांतून त्रिमित प्रकाशीय स्फटिक २००० मध्ये घडवले गेले आहेत.

सरकली तरी चालते याचा अर्थ एक्स्पोजर चालू असताना सरकली तरी चालते असा मात्र नाही. तीन वेगळ्या वाटा म्हणजे तीन वेगळ्या हवा. मांडणीला झाकण करा, झाकल्यावर हवा निवायला वेळ द्या, आणि एक्स्पोजर लांब असेल तर एका आरशामागे पिएझो लावून पट्टे जागेवर धरून ठेवा. एक्स्पोजरच्या पूर्ण वेळेत सरक पट्ट्याच्या दहाव्या भागाच्या आत हवी.

तिन्ही झोतांचे मार्ग मधल्या बिंदूपर्यंत समान लांबीचे ठेवा, म्हणजे शून्यक्रम म्हणतात ते देणं नमुन्याच्या मध्यापासून मोजलं जाईल आणि दोन्हीकडे निम्मं-निम्मं वाटलं जाईल.

निळीवाट

दहा दिवसांनी परत येते आहे, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

बाह्य पोकळीचा डायोड बसला. लॉइड मांडणी तीच, आरसा तोच, कोन २३.९ अंश. कोपऱ्यापासून २२ मिमीपर्यंत, नमुना संपेपर्यंत, चमक एकसलग आहे. राखाडी भाग कुठेच नाही. रेझिस्टखाली परावर्तनविरोधी थरही घातला, भिंतींवरच्या वळ्या जवळजवळ गेल्या.

लेझर सुधारल्यावर आधी न दिसलेली एक गोष्ट मात्र दिसू लागली: रेघांवर जागोजागी बारीक वर्तुळं, दगड टाकलेल्या पाण्यासारखी. आरशावरची आणि भिंगावरची धूळ आता स्वतःचे पट्टे काढते आहे. पूर्वी तिचं देणंही फेडलं जात नव्हतं म्हणून ती गप्प होती.

शून्यक्रम

बरोबर ओळखलंत. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाने झोत एका छिद्रातून न्या, धुळीचा विखुरलेला प्रकाश छिद्राबाहेर अडतो. त्यापुढे एकही भिंग ठेवू नका. छिद्रातून पसरलेला झोत मीटर-दीड मीटर मोकळा वाढू द्या आणि तसाच नमुन्यावर घ्या. तरंगाग्र किंचित वक्र राहील, त्यामुळे पट्ट्यांमधलं अंतर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जरासं बदलेल, ते मोजून सांगा. आरशावरची वर्तुळं तेवढी राहतील. ती पुसण्यावाचून इलाज नाही.

निळीवाट

छिद्र आज बसवते. तिसऱ्या झोताचा आरसाही आला आहे.